दारं काढून नेलेलं गाव

कतारच्या उत्तर टोकाला, मदिनत अश शमाल सोडून पुढं गेलं की समुद्राला लागून एक गाव आहे. गाव म्हणजे नुसत्या भिंती. राहणारं माणूस एक नाही. चाळीसेक घरं असतील, मधे एक लहानशी मशीद, तिचा मनोरा आमच्या दारातल्या माडापेक्षा बुटका. घरांना छपरं नाहीत, दारं नाहीत. तीन वर्षांमागं त्या गावात उभं राहून माझ्या बायकोनं मला दोन शब्दांत एक गोष्ट विचारली. मी उत्तर दिलं नाही. गाडीत बस म्हटलं. त्यानंतर वर्षभरानं ती गेली. ते दोन शब्द मात्र माझ्यापाशी राहिले आहेत. त्यांचं उत्तर शोधायला मी यंदा पुन्हा त्या गावात गेलो, ते सांगतो.

मी गवंडी. शाळा चौथीपर्यंत. आमच्या मालवणाकडं चिऱ्याचं काम असतं, ते बापाबरोबर शिकलो, आणि चोविसाव्या वर्षी इथं आलो. दोन वर्षांसाठी आलो होतो. सगळेच दोन वर्षांसाठी येतात. मुलगा शिकून इंजिनिअर झाला, तोही इथंच कामाला लागला, अल गराफाला घर घेऊन बायकोपोरांसह राहिला आणि मग त्यानं आईला आणली. तोवर आमचं लग्न होऊन पस्तीस वर्षं झाली होती. त्या पस्तीस वर्षांत मी गावी जायचो ते सुट्टीला. दर दोन वर्षांनी दोन महिने. पहिला आठवडा ती लाजायची, शेवटचा आठवडा रडायची, मधले दिवस घराची डागडुजी. ती इथं आली आणि चार वर्षं राहिली. आमचा संसार धरायचा तर तो चार वर्षांचा. बाकी सगळी सुट्टी.

ती इथं आली तेव्हा मला वाटलं होतं, बुजेल. ती कसली बुजते! इंग्रजी नाही, हिंदी तोडकीमोडकी, अरबी तर सोडाच. पण खाली दुकानात कोथिंबीर घेताना त्या केरळच्या पोराशी मालवणीत भांडायची आणि तो मल्याळीत भांडायचा, आणि दोघांचा भाव जुळायचा. एकदा तिनं सुकट भाजलं तर शेजारच्या बाईनं गॅस गळतोय म्हणून वॉचमनला बोलावलं. वॉचमन नेपाळचा. तो आला, वास घेतला आणि म्हणाला, "आमा, थोडा मला पण द्या." तिनं त्याला ताट वाढून दिलं. सूनबाईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

पण एक गोष्ट तिच्या डोक्यातून जात नव्हती. गावपळण.

ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगतो. आमच्याकडच्या काही गावांत दर तीन-चार वर्षांनी अख्खं गाव गाव सोडून जातं. ठरवून. थंडीच्या दिवसांत देवाला कौल लावायचा. देवानं उजवा दिला, म्हणजे हो म्हटलं, की माणसं, गुरं, कुत्री, मांजरं, कोंबड्या, सगळं घेऊन वेशीबाहेर जायचं. घराला कुलूप. चूल विझवलेली. देवळातली घंटासुद्धा वाजत नाही. तीन दिवस तीन रात्री गावात चिटपाखरू राहत नाही. बाहेर माळावर माडाच्या झापांच्या खोपी घालायच्या, तिथंच रांधायचं, खाडीतले खेकडे भाजायचे, बायकांनी फुगड्या घालायच्या, म्हाताऱ्यांनी गजाली मारायच्या. चौथ्या दिवशी पुन्हा कौल. देव 'या' म्हणाला की परत. नाही म्हणाला तर आणखी एक रात्र बाहेर. का करतात, ते मला विचारू नका. कोणी म्हणतं भुतांसाठी, कोणी म्हणतं रोगराई जावी म्हणून. माझा बाप म्हणायचा, गावालाही आपली पाठ टेकायला मिळायला नको काय?

आमचं लग्न झालं त्याच वर्षी पळण होती. घरात एक कोंबडी खुडूक बसलेली, अंड्यांवर. आई म्हणाली, अंडी राहू दे, कोंबडी उचल. नव्या नवरीनं ऐकलं नाही. टोपलीत भुसा घातला, त्यात अंडी, त्यावर कोंबडी, त्यावर आपल्या लग्नातलं लुगडं, आणि टोपली डोक्यावर घेऊन वेशीपर्यंत चालत गेली. कोंबडी सगळ्या वाटेनं शिव्या देत होती. दुसऱ्या दिवशी खोपीत पिल्लं फुटली. नऊ. बाया त्यांना 'पळणीची पोरां' म्हणायच्या. मी तेव्हा तिच्याकडं नीट पाहिलं. त्याआधी लाजेनं पाहिलंच नव्हतं.

तर तीन वर्षांमागच्या थंडीत गावात पळण ठरली आणि ती माझ्या मागं लागली. "जावया," म्हणजे जाऊ या. मी म्हणालो, तिकिटं महाग आहेत, तुझे गुडघे धड नाहीत, मातीत झोपणार आहेस काय? "पुढच्याक जावया," मी म्हटलं. ती गप्प बसली. आमच्याकडच्या बायकांचं गप्प बसणं म्हणजे काय असतं ते नवऱ्यांनाच ठाऊक. भांडी मोठ्यानं वाजतात.

पळणीचे तीन दिवस आले. पहिल्या दिवशी तिनं घरात शेगडी पेटवली नाही. वेशीबाहेर जाता येत नाही तर निदान चूल तरी बंद, असा तिचा हिशेब. आम्ही बाहेरून मागवून खाल्लं. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. मुलगा म्हणाला, "आई, चल, लाँग ड्राइव्हला जाऊ." तिचं मन रमावं म्हणून तो आम्हाला उत्तरेला घेऊन गेला. शमालमध्ये करक चहा घेतला आणि पुढं त्या गावात आलो. त्याच्या ऑफिसातल्या कोणीतरी सांगितलं होतं, फोटो चांगले येतात.

गाडीतून उतरली आणि उभीच राहिली. वारा होता. ओहोटी लागलेली, समुद्र लांब गेलेला, मधे नुसता चिखल आणि बगळे. समोर घरांमागं घरं, आणि माणूस नाही. तिनं पदर तोंडाला लावला आणि हसायला लागली. बऱ्याच दिवसांनी हसली.

"अवो, बघलात? हंयपण गावपळण!"

मुलगाही हसला. मी हसायला हवं होतं. पण मी दोन दिवस त्या पळणीनं वैतागलेलो, उपाशी नसलो तरी घरचं न जेवलेला. आणि मी गवंडी. मी घर बघितलं की आधी चौकट बघतो. मी म्हणालो, "पळण कसली? येडी काय तू? दारां बघ. दारां काढून नेल्यानी. वासे काढून नेल्यानी. कुलूप लावून जाणारा परत येता. दार काढून नेणारी माणसां परत येनत नाय."

तिचं हसू उतरलं. तिनं एका घराच्या रिकाम्या चौकटीवर हात ठेवला. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "मगे आपण?"

मगे आपण. एवढंच.

मला कळलं नाही असं मी म्हणणार नाही. मला कळलं. आमच्या वाडीत तेव्हा सहा घरांत दिवा लागत होता. आमच्या घराची किल्ली इथं गराफ्यात, स्वयंपाकघरात हळदीच्या डब्यामागं टांगलेली होती. ती काय विचारते आहे ते मला कळलं, आणि म्हणूनच मी म्हटलं, "गाडयेत बस. वारो लागात."

परतताना मुलानं गाणी लावली.

मग पुढच्या थंडीत तिला ताप आला, ताप छातीत गेला, आणि अकरा दिवसांत सगळं आटोपलं. तिला आम्ही गावी नेली. ती पेटीतून गेली. विमानात मी आणि मुलगा वर, ती खाली सामानात. तेरावं झालं, मुलाची रजा संपली, मी कुलूप लावलं आणि त्याच्याबरोबर परत आलो. तिथं एकट्यानं काय करू, हे मुलगा म्हणाला, सूनबाई म्हणाली, मीही म्हणालो.

घरात तिचं नाव आम्ही काढत नव्हतो. भीती वाटायची. मुलगा माझ्यासमोर काढायचा नाही, मी त्याच्यासमोर नाही. जेवताना टीव्ही लावायचा. सुकट कोणी आणत नव्हतं, वॉचमन जिन्यात भेटला की मान खाली घालायचा.

यंदा दिवाळीनंतर चुलत भावाचा फोन आला. तो माझ्याहून दोन वर्षांनी लहान, गावातच राहिलेला. बोलतो ते ओरडून, फोनवर विश्वास नसल्यासारखा.

"अरे, कौल झालो! देवान उजवो दिल्यान. यंदा पळण. तू येतंस मां?"

मी म्हटलं, बघतो.

"बघतंस काय? मागच्या टायमाकपण बघी होतंस. डोळे गेले तुझे बघान बघान."

मी फोन ठेवला. मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, या वयात बाहेर झोपणं, थंडी, तुमचं बीपी... पुढच्या वेळी नीट प्लॅन करू ना." तो वाईट बोलला नाही. मी तिला जे बोललो होतो तेच तो मला बोलला.

मला एकच कळायला हवं होतं. त्या गावची माणसं परत येणार होती की नव्हती? मी तिला जे तोडून सांगितलं ते खरं होतं काय? खरं असेल तर निदान मी खोटं बोललो नाही. आणि खोटं असेल तर... तर मला तिची माफी मागायची होती. दोन्हीत माझा जीव अडकला होता. हसू येईल तुम्हाला, पण माणूस गेल्यावर असल्याच गोष्टींत जीव अडकतो.

पुढच्या शुक्रवारी मी मुलाला म्हटलं, मला शमालला ने. त्यानं का म्हणून विचारलं नाही. नेलं.

तो गाडीतच ऑफिसच्या फोनवर बोलत बसला आणि मी एकटा भिंतींमधे फिरलो. या वेळी नीट बघितलं. आमच्याकडं चिरा घडवून लावतात. इथं समुद्रातले दगड जसे मिळतील तसे रचलेले, मधे माती आणि जिप्समचा लेप. दगडात शिंपल्यांचे ठसे. कोनाडे मात्र सुबक, कोणीतरी मनापासून केलेले. चौकटीच्या जागी खाली उंबऱ्याच्या दगडाला एक खळगा होता. जुन्या दारांना बिजागरी नसते, दाराचा खुंट असल्या खळग्यात फिरतो. आमच्याकडं जुन्या घरांना तसंच असतं.

पण चौकटीच्या बाजूचं काम मला खटकलं. गेल्या वेळीही खटकलं होतं. तिथं लेपावर लेप, त्यावर लेप, कांद्याच्या पाकळ्यांसारखे. एक पिवळट, एक करडा, एक पांढरा. बाकीची भिंत एका हातानं केलेली आणि चौकटीपाशीच अशी थिगळं. मागच्या वेळी मी मनात म्हटलं होतं, कसला अडाणी गवंडी, एकदा चौकट बसवता येत नाही. आता मी बसलो आणि नखानं एकेक थर मोजायला लागलो. अकरापर्यंत आलो.

"शतसवी?" मागून कोणीतरी ओरडलं. काय करतोस, असं.

वळून बघितलं तर एक म्हातारा कतारी. पांढरा पायघोळ थोब, त्यावर लोकरी कोट, हातात काठी. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा असेल. त्याला वाटलं असणार, हा भिंत उकरतोय. मी हात वर केले आणि म्हटलं, "आना बन्ना." मी गवंडी.

त्यानं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मग हसला. खालचे दोनच दात. "बन्ना?" हिंदीत म्हणाला, "तू बहुत लेट आया."

जुन्या कतारी माणसांना हिंदी येते, व्यापारामुळं. मी विचारलं, हे तुझं घर? म्हणाला, बापाचं. मी इथंच जन्मलो, त्या आतल्या खोलीत. पलीकडं मशिदीच्या आडोशाला त्याच्या घरच्यांनी सतरंजी घातली होती, मुलं पळत होती, एक म्हातारी बाई थर्मासातून कहवा ओतत होती.

मी सरळच विचारलं. मला फिरवून बोलता येत नाही. "बाब वेन?" दार कुठं?

"बाब? मेरे पास है. शमाल में, घर में."

"लेके गए," मी म्हटलं, "मतलब वापस आना नहीं था. इसलिए लेके गए. सच?"

तो माझ्याकडं गाढवाकडं बघावं तसं बघत राहिला. मग काठीनं चारी बाजूंना दाखवलं. "तेरे मुल्क में झाड़ कितना है?"

"बहुत."

"इधर दिखाओ. एक दिखाओ."

मी बघितलं. वाळू, दगड, चिखल, समुद्र. झाड नव्हतं.

मग तो बोलायला लागला, अर्धं हिंदी, अर्धं अरबी, आणि जिथं दोन्ही पुरलं नाही तिथं काठीनं. मी समजलो ते असं. इथं दगड फुकट, माती फुकट. लाकूड मात्र हिंदुस्थानातून गलबतातून यायचं. अख्ख्या घरात दार ही सगळ्यात महाग वस्तू. आणि ही माणसं इथं बारमाही राहायचीच नाहीत. उन्हाळ्यात समुद्राचं काम, मोती, मासे, तेव्हा इथं. पाऊस शिंपडला, आत वाळवंटात गवत उगवलं की शेळ्या-उंट घेऊन आत. थंडी तंबूत. जाताना घराला कुलूप लावून काय उपयोग? दारच चोरीला जायचं. म्हणून दार काढायचं, वासे काढायचे, उंटावर घालायचे, बरोबर न्यायचे. उन्हाळा आला की दार उंटावर घालून परत. पुन्हा चौकट बसवायची, बाजूनं नवा लेप.

"हर साल?" मी विचारलं.

"हर साल."

मी त्या थरांकडं बघितलं. अकरा मोजले होते, आणि आत किती असतील कोण जाणे. अडाणी गवंडी मी होतो. चाळीस वर्षं या देशात भिंती बांधल्या आणि भिंत वाचता आली नाही. मी झाडांच्या मुलखातला माणूस. आमच्याकडं दार काढून नेतो तो घर मोडतो. यांच्याकडं दार काढून नेतो तो परत येणार असतो.

तिचंच खरं होतं. ही गावपळणच होती. दर वर्षाची.

मी दगडावर बसलो. त्याला वाटलं मला चक्कर आली. त्यानं हाक मारून खजूर आणि कहवा मागवला. कहवा कडू होता, वेलचीचा. मी दोन कप प्यालो तेव्हा कुठं पुढचं विचारायचा धीर झाला.

"फिर? फिर क्यों नहीं आए?"

तोही शेजारच्या दगडावर बसला. मग म्हणाला, "नहीं आए, ऐसा नहीं."

हे मी त्याच्याच बोलण्याच्या चालीनं सांगतो, कारण मला ते तसंच लक्षात राहिलं. म्हणाला, त्या वर्षी नेहमीसारखंच गेलो. दार उंटावर. बाप म्हणाला, अगली गर्मी में. त्या थंडीत बापाला तेलाच्या कंपनीत काम मिळालं. तिकडं पाण्याचा टँकर यायचा, इथल्या विहिरीचं पाणी खारट झालेलं. उन्हाळा आला तेव्हा बाप म्हणाला, या वर्षी रजा नाही, अगली गर्मी में. मग शाळा झाली. मग सरकारनं घर दिलं, नवं दार असलेलं. अगली गर्मी में. शेजारी येतील तेव्हा आपण जाऊ, असं शेजारीही म्हणत होते. "गाव छोड़ा, ऐसा किसी ने नहीं बोला. एक भी आदमी नहीं बोला."

"और बाब?"

"अम्मा उसको तेल लगाती थी. मच्छी का तेल. हर साल, गर्मी के पहले. बाप बोलता, क्यों लगाती? अम्मा बोलती, सूख जाएगा तो बैठेगा नहीं." त्यानं हातानं दार चौकटीत बसवल्यासारखं केलं. "मरे तक लगाती थी."

तेवढ्यात त्याची बायको सतरंजीवरून त्याच्यावर ओरडली. अरबीत काय ओरडली ते मला कळलं नाही, पण त्या ओरडण्याला भाषा लागत नाही. जेवण थंड होतंय, आणि तू परक्या माणसापुढं काय बसलास, एवढंच असतं त्यात. तो कुरकुरत उठला. मला इतका हेवा वाटला की मी मान फिरवली.

जाताना त्यानं मला विचारलं, तुझं गाव आहे? मी म्हटलं, आहे. कोण राहतं? मी म्हटलं, माझ्या घरात कोणी नाही. तो म्हणाला, "जाता है?"

मी म्हटलं, "अगले..." आणि पुढचा शब्द तोंडातून आला नाही. तो समजला. माझ्या खांद्यावर काठीची मूठ हलकेच आपटली आणि बायकोकडं गेला.

मी त्या चौकटीशी परत गेलो. आजूबाजूला कोणी नव्हतं. तिनं हात ठेवला होता तो दगड मला नक्की माहीत होता असं नाही, पण एक धरला. म्हटलं, "गो, तुझा बरोबर होता. मी चुकलंय." एवढं म्हणायला मला तीन वर्षं लागली. पण माफी मागून झाली तरी तिचे दोन शब्द तिथंच होते. मगे आपण? त्याचं उत्तर त्या म्हाताऱ्यानं दिलं नव्हतं. ते त्याच्याकडं नव्हतंच. गाव कधी सुटलं हे त्याच्या बापाला कळलं नाही, कारण कोणी ठरवलंच नाही. जे ठरवलं नाही ते होऊन गेलं. ते ठरवायचं काम माझं होतं, आणि मी तिला गाडीत बसवलं होतं.

गाडीत आलो. मुलगा फोन संपवून वाट बघत होता. म्हणाला, "काय बोलत होतात एवढा वेळ त्या शेखाशी?"

मी सगळं सांगितलं. दार, उंट, लेप, तेल, सगळं. आणि मग, गाडी शमालच्या रस्त्याला लागल्यावर, त्याला तिचे ते दोन शब्दही सांगितले. त्यानं त्या वेळी ते ऐकले नव्हते, तो फोटो काढत होता. पुढं पेट्रोल पंपावर त्यानं गाडी थांबवली. पेट्रोल घेतलं नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून बसला.

"बाबा," म्हणाला, "त्या वर्षी तिनं मलाही विचारलं होतं. तुम्ही नाही म्हटल्यावर. माझ्याकडं आली, म्हणाली, तू घेऊन चल, बाबांना सांगू नको, आपण दोघं जाऊन येऊ."

"मग?"

"मी म्हटलं, शटडाउन आहे प्लांटला. पुढच्या वेळी नक्की." त्याचा आवाज फाटला. "मी तुम्हाला सांगितलंच नाही. मला वाटायचं, मी एकट्यानंच..."

तो लहानपणी रडायचा तसा रडला, नाकानं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. इतकी वर्षं बाप परदेशात असलेला पोरगा, त्याच्या पाठीवर हात कसा ठेवायचा हेही मला नीट येत नव्हतं. मी म्हटलं, "अरे, बरं झालं. मला वाटत होतं सगळं पाप माझ्याच वाट्याला आलंय. निम्मं तुझं."

तो रडता रडता हसला. "काय बाबा!"

"खरंच. एकट्याला जड होतं."

पंपावरचा माणूस काचेवर टकटक करून विचारत होता, भरायचं की नाही. मुलानं टाकी फुल्ल केली.

त्या दिवशी घरी पोचेपर्यंत आम्ही तिच्याबद्दलच बोललो. दोन वर्षांत पहिल्यांदा. तिनं त्याला एकदा गणिताच्या पेपरला बसू दिलं नव्हतं कारण मांजर आडवं गेलं होतं, हे मला माहीत नव्हतं. मी तेव्हा इथं होतो. टोपलीतल्या कोंबडीचं त्याला माहीत नव्हतं. ती दोघांना वेगवेगळी माहीत होती आणि आम्ही दोघं आपापली ती मनात धरून बसलो होतो.

घरी आल्या आल्या त्यानं लॅपटॉप उघडला. त्याला दहा दिवसांची रजा मिळेल म्हणाला, मिळाली नाही तरी घेईन. "बाबा, तुमचं रिटर्न कधीचं काढू? सहा महिन्यांच्या आत यायला लागेल, नाहीतर इथला आयडी खलास."

मी म्हटलं, "माझं परतीचं काढू नको."

"म्हणजे?"

"म्हणजे मी तिथं राहणार. आज ठरवलं. तू ये, जा, पोरांना आण. मला बघायला ये. आयडी खलास तर खलास."

सूनबाई स्वयंपाकघरातून बाहेर आली. मला वाटलं वाद घालेल. ती म्हणाली, "बीपीच्या गोळ्या सहा महिन्यांच्या देते बांधून. आणि रोज व्हिडिओ कॉल करायचा. केला नाही तर मी येऊन तुम्हाला घेऊन येईन." हे म्हणताना तिचे डोळे भरले होते. चांगली पोर आहे. मी तिला कधी तसं म्हटलं नाही, ते इथं लिहून ठेवतो.

मग मी चुलत भावाला फोन लावला. म्हटलं, "येतंय. वेशीभायर माझी खोप घाल. दोगांची घाल."

एरवी ओरडणारा माणूस, पण हळू आवाजात म्हणाला, "दोगांची? अरे... वैनी तर..."

"मी आनी झील," मुलाकडं बघत मी म्हटलं.

त्यानं मोठा श्वास सोडल्याचं ऐकू आलं. मग पुन्हा ओरडला, "मगे तसा सांग ना! माका वाटला, तुझ्या डोक्याक झाला काय! आनी तो इंजिनेर मातयेत निजात? त्याका जमतला?"

"नाय जमला तर शिकतलो."

"बरा. झापां जास्त घालतंय मगे. थंडी लय हा औंदा."

तिकिटं मंगळवारची आहेत.